वरणात पाणी, पण सगळेच पाणी नव्हे

१९९७ च्या ‘फायनल फँटसी ७’ या व्हिडिओ गेममधले मिडगार शहर काही तासांतच मागे पडत असे; २०२० च्या रीमेकने तेवढ्याच भागाचा तीस-चाळीस तासांचा खेळ केला, म्हणजे वरणात पाणी वाढवले, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. काल रात्री खेळ संपवला. गटारांतली दुसरी फेरी मलाही रटाळ वाटली. परंतु मूळ खेळात जेमतेम ओळख झालेल्या जेसी या बंडखोर साथीदारिणीला येथे आईवडील आणि घर मिळाले आहे, त्यामुळे सेक्टर ७ या गरीब वस्तीवर तिच्या डोक्यावरची, वरचे शहर पेलणारी तबकडी कोसळते तेव्हा जीव खरोखर तुटतो. शिवाय २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायलेल्या माझ्यासारख्या लातूरकराला, जमिनीतला जीव उपसून शहर उजळवणाऱ्या माको भट्ट्या परक्या कशा वाटतील? लढाईची नवी पद्धतही उत्तम जमली आहे: तलवार आपणच चालवायची, आणि पडद्यावरची कृतीची पट्टी भरली की वेळ मंद करून निवांत आदेश द्यायचे. मूळ कथेचा क्रम बदलू न देणाऱ्या, नियतीच्या राखणदारांशी शेवटाकडे होणारी लढाई मात्र मला रुचली नाही, कारण मूळ कथा ठाऊक नसलेल्या खेळाडूला तिथे नेमके काय मोडले जात आहे, हेच उमगणार नाही.