कढई असताना घरात डीप फ्रायर कशाला?

कढईवाला
डीप फ्रायर, म्हणजे विजेवर तेल तापवून जाळीतून तळायचं यंत्र, घरी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तीन लिटर तेल ओता, ते तापायची दहा मिनिटं वाट बघा, दोन घाणे काढा आणि मग ते तेल सांभाळत बसा. कढईत अर्ध्या लिटरात भागतं. तेल तापलं की नाही ते पिठाचा थेंब सांगतो: तळाशी जाऊन लगेच वर आला की तळण सुरू. यंत्राला करण्यासारखं यात काही उरत नाही.

तापमापी
शेवटच्या वाक्यामुळे सविस्तर उत्तर देणं भाग आहे. पिठाचा थेंब १६० अंशांना वर येतो आणि १९० लाही येतो. तळण बिघडतं ते नेमकं या ३० अंशांच्या आजूबाजूला. तेल १५० च्या खाली रेंगाळलं की कवच धरत नाही, पदार्थ मऊ आणि तेलकट होतो. १९० च्या वर गेलं की बाहेरून करपतो, आत कच्चा राहतो.

आता तुमचं अर्धा लिटर. म्हणजे साधारण ४६० ग्रॅम तेल. ते १८० वरून १४० वर उतरलं तर त्यातून जेमतेम ४० किलोज्यूल उष्णता मिळते. पाव किलो बटाट्याच्या फोडी २० अंशांवरून १०० वर न्यायलाच ७० लागतात, पाणी उकळून जायचं तर त्यापुढे. फोडी पडल्या की तेल गार. तीन लिटर तेल त्याच ७० किलोज्यूलसाठी १२ अंश उतरतं. तेलाचा साठा हाच फ्रायरचा मोठा फायदा आहे आणि तुम्ही तोच दोष म्हणून मांडला आहे.

कढईवाला
गणित एकांगी आहे. खाली ज्योत चालूच असते, ती तुम्ही धरलीच नाही. आणि अर्ध्या लिटरात पाव किलो एकदम कोणी घालत नाही, मुठीमुठीने घालतात.

उलट फ्रायरच्या ताकदीचं बोला. लहान घरगुती यंत्राचा एलिमेंट, म्हणजे विजेने तापणारी नळी, १००० ते १२०० वॅटचा असतो. १०० ग्रॅम पाण्याची वाफ करायला २२६ किलोज्यूल लागतात, म्हणजे १००० वॅटला पावणेचार मिनिटं. त्यात अर्धा किलो फ्रोझन फ्राईज ओतले की तेल खाली जातं ते वर येतच नाही, थर्मोस्टॅटचा (तापमान राखणाऱ्या स्विचचा) दिवा शेवटपर्यंत जळत राहतो. पदार्थ तळला न जाता तेलात उकडल्यासारखा होतो. कढईत निदान आच मोठी करता येते.

तापमापी
१००० वॅटबद्दल बरोबर आहे. तीन लिटरला २००० वॅटच्या आसपास हवेत. भरतानाही वजनाने एक भाग पदार्थाला किमान सहा भाग तेल, फ्रोझनला दहा. तीन लिटर म्हणजे पावणेतीन किलो तेल, त्यात फ्रोझन पावशेराच्या थोडं वर, बस. पण जाळी काठोकाठ भरणाऱ्याची चूक यंत्राच्या माथी का?

जाळीदार
एलिमेंट कुठे आहे यावर दोघेही बोलत नाही, आणि निम्मा फरक तिथेच आहे. तेलात बुडालेला एलिमेंट असेल तर त्याच्या खालचं तेल वरच्यापेक्षा बरंच गार राहतं. गळलेला चुरा तिथे जाऊन बसतो आणि जळत नाही. कढईत आच बुडालाच लागते, चुरा बुडाला जळतो आणि तिसऱ्या घाण्याला काळे ठिपके चिकटायला लागतात. एलिमेंट भांड्याखाली लपवलेला असेल तर फ्रायरही कढईसारखाच वागतो, वर तापायला उशीर. साफ करायला सोपा म्हणून लोक तो घेतात आणि मग फ्रायरलाच नावं ठेवतात.

दुसरं, पातळ पिठात बुडवलेले तुकडे जाळीत ठेवून जाळी तेलात सोडायची नाही. पीठ तारांना धरतं, तुकडा उचलताना कवच जाळीतच राहतं. जाळी आधी खाली सोडा, मग एकेक तुकडा तेलात सोडा, दोन-तीन सेकंद अर्धा धरून ठेवा, मग हात काढा. ब्रेडक्रम्स लावलेल्याला किंवा कोरड्या फोडींना जाळीतून उतरवलं तरी चालतं.

आणि बाहेर काढल्याबरोबर जाळी जोरात झटका. पदार्थ तेलातून वर आला की आतली वाफ थंड होऊन दाब उतरतो आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. तेल शोषलं जातं ते जास्त करून तेव्हा. पहिल्या अर्ध्या मिनिटात निथळलं नाही तर नंतर कागदावर ठेवून फारसं काही होत नाही.

कढईवाला
झाऱ्यानेही निथळतं. गार थराचा मुद्दा मात्र मान्य करावा लागेल, कढईत चुरा दर घाण्याला काढावाच लागतो. पण माझा मूळ आक्षेप तेलाचा होता. महिन्यातून दोनदा तळणाऱ्याचं तीन लिटर तेल मधल्या काळात खवट होतं. त्यावर कोणी बोलेल का?

गाळणी
तेल नुसतं ठेवल्याने फारसं बिघडत नाही, चुऱ्यासकट ठेवल्याने बिघडतं. तळून झालं की प्लग काढा, ५० अंशांच्या खाली येऊ द्या, आधी बारीक जाळीतून आणि मग दुहेरी कापडातून गाळा. झाकणाच्या भांड्यात, शक्य तितकं काठापर्यंत भरून, अंधारात आणि गारव्यात ठेवा. फ्रायरमध्येच सोडलं तर वर हवेचा मोठा पृष्ठभाग राहतो.

तेलाच्या वर धरून मीठ कधी घालू नका, ते बाहेर काढल्यावर. तांबं आणि उघडं लोखंड तेलाचं ऑक्सिडेशन, म्हणजे हवेमुळे खवट होणं, वाढवतात, म्हणून पितळी झारा तर नकोच. ओल्या फोडी कोरड्या पुसून घाला: पाण्याने तेल फुटून त्यात मोकळी आम्लं वाढतात आणि धुराचा बिंदू खाली येतो. ताजं रिफाइंड तेल २२० च्या पुढे धुरावतं. तेच तेल १८० ला धूर सोडायला लागलं, किंवा फेस बसेनासा झाला, की टाकून द्यायचं. नुसता रंग बघून ठरवू नका, साखर आणि पिठाने चांगलं तेलही काळवंडतं.

उरलेल्या तेलात नवं मात्र ओतू नका. जुनं नव्यालाही बिघडवतं.

तापमापी
हे चूक आहे आणि धोक्याचंही आहे. प्रत्येक घाण्यागणिक तेल कमी होतं. भरलं नाही तर पातळी खालच्या खुणेच्या खाली जाते, एलिमेंट उघडा पडतो आणि उघडा एलिमेंट तेलाला आग लावू शकतो. मोठ्या प्रमाणावर तळतात तिथे तर रोज भर घालत राहणं हाच तेल टिकवायचा मार्ग असतो.

गाळणी
तिथे दिवसाला एवढं तेल पदार्थाबरोबर जातं की काही दिवसांत सगळं बदललेलं असतं. घरी तसं होतच नाही, दोन महिन्यांपूर्वीचा गाळ तसाच राहतो. भर घालत गेलं की तेल टाकायचा दिवस कधी उजाडतच नाही. अनेक युरोपीय देशांत वापरलेल्या तेलातल्या पोलर घटकांवर, म्हणजे तेल बिघडताना तयार होणाऱ्या पदार्थांवर, २५ टक्क्यांच्या आसपास मर्यादा आहे. घरी ते मोजायची सोय बहुतेकांकडे नसते, म्हणून हात आखडता घ्यायचा. "धोक्याचं" हा शब्द मागे घ्या.

तापमापी
घेणार नाही. पातळी खाली गेलेला फ्रायर चालू करणं हे धोक्याचंच आहे. गाळलेल्या, वास न बदललेल्या तेलात थोडी भर चालते. तेल संशयास्पद असेल तर भर न घालता सगळं बदला, एवढं तुमचं मान्य.

जाळीदार
दोघांचं म्हणणं एकत्र केलं तरी कोणतं तेल भरलंय त्यावर बरंच अवलंबून आहे. सूर्यफूल, सोयाबीनसारखी तेलं तापून लवकर घट्ट होतात. जाळीच्या कडेला आणि झाकणाला जो पिवळा, न निघणारा चिकट थर येतो तो त्याचाच. शेंगदाणा किंवा हाय-ओलिक (ओलिक आम्ल जास्त असलेलं) सूर्यफूल जास्त टिकतं.

कढईवाला
म्हणजे गाळा, साठवा, पातळी बघा, तेल निवडा. इतका व्याप जमणार असेल आणि दर आठवड्याला तळण होत असेल तर फ्रायर घ्यावा, एवढ्यापुरता मी मागे हटतो. महिन्यातून एकदा तळणाऱ्याला माझा सल्ला बदलत नाही: कढईच, पण खोल आणि अरुंद घ्या, निम्म्याच्या वर भरू नका आणि थर्मामीटर लावा.

तापमापी
थर्मामीटर मान्य केलात तर आपलं बरंचसं भांडण तिथेच मिटतं. फ्रायरवाल्यांनीही तो एकदा लावून बघावा. डायलवरचे १८० आणि तेलातले १८० यांत १०-१५ अंशांचा फरक सहज निघतो.

बटाट्यासाठी १५०-१६० ला पाच-सहा मिनिटं, बाहेर काढून गार, मग १७५ ला सोनेरी होईपर्यंत. १९० ला जाऊ नका, गडद तपकिरी झाला की ॲक्रिलामाइड हा अपायकारक घटक वाढतो. बटाटे फ्रीजमध्येही ठेवू नका: ६ अंशांच्या खाली त्यांतली साखर वाढते आणि तळताना ते आधीच काळे पडतात.

नवाघाणा
सगळं वाचलं. भांडं धुऊन परत लावल्यापासून यंत्र सुरूच होत नाही, दिवाही लागत नाही. एलिमेंट जळला का?

जाळीदार
तेलाशिवाय चालू केला नसेल तर बहुतेक नाही. आधी प्लग काढा. कंट्रोलचा डबा खोबणीत पूर्ण खाली बसलाय का बघा, तो अर्धवट राहिला की आतला सेफ्टी स्विच वीज जोडतच नाही. नीट बसला असेल तर मागे किंवा खाली रीसेटचं छोटं बटण असतं, तेल जास्त तापलं की ते वीज तोडतं. पूर्ण गार झाल्यावर बारीक काडीने दाबा.

गाळणी
आणि तेल ओतायच्या आधी भांडं कोरडं खडखडीत करा, विशेषतः ड्रेनचा नळ असेल तर त्याची नळी. तिथे राहिलेलं चमचाभर पाणी तेल शंभरच्या वर गेलं की उसळून बाहेर येतं.

तापमापी
रीसेट पुन्हा पुन्हा वीज तोडत असेल तर बहुतेक थर्मोस्टॅट गेलाय. मग ते बटण दाबत राहू नका, यंत्र दुरुस्तीला द्या.