कुत्रा एकटा राहिला की भुंकत सुटतो, काय करू?

घोडबंदरकर: आमचा इंडी (देशी कुत्रा) दीड वर्षाचा, आम्ही दोघं ऑफिसला निघालो की लिफ्ट खाली जाईपर्यंत गप्प आणि मग जे सुरू होतो ते शेजारच्या काकू म्हणतात तासभर थांबत नाही, आता सोसायटीची नोटीस आलीय, कुत्रा काढा म्हणून.

खारघरवाली: दादा ओरडू नका, घाबरतो तो. चावी उचला, चपला घाला आणि परत सोफ्यावर बसा, रोज दहादा. मग ३० सेकंद बाहेर, मग २ मिनिटं, भुंकायच्या आत परत. आमच्या चिकूला दोन महिने लागले.

वाशी७: आधी फिरवून दमवा. एकटा असताना चाटत बसायला पीनट बटर देणार तर त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोडवा) नाही ना बघा, विष असतं त्यांना.

घोडबंदरकर: आणि नोटीस?

खारघरवाली: अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाचं २०१५चं परिपत्रक जोडा, भुंकतो म्हणून बंदी घालता येत नाही. पण काकूंना भेटा हो, कान त्यांचे किटलेत.