चर्चच्या 'शाळेनंतरच्या वर्गा'त शिकवायला जावं का? (एच-फोर, ओकलंड, कॅलिफोर्निया)

रिकामटेकडी:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

नवऱ्याच्या नोकरीमागे एच-फोरवर (नोकरदाराच्या जोडीदाराचा व्हिसा) इकडे आले. त्याआधी गावाकडे आठवी ते दहावीला गणित शिकवत होते, बीएड आहे. नवऱ्याचं आय-१४० (ग्रीनकार्डाच्या वाटेवरचा अर्ज) व्हायचंय, त्यामुळे ईएडीचं, म्हणजे माझ्या कामाच्या परवान्याचं, नाव काढायला नको. सध्या घर आवरणं आणि खिडकीतून बस बघणं एवढाच उद्योग.

घराजवळच्या कॅथलिक चर्चच्या फाटकावर पाटी दिसली की शाळा सुटल्यावर मुलांचा अभ्यास घ्यायला स्वयंसेवक हवेत. आत जाऊन विचारलं. मुलं पहिली ते पाचवीतली, बहुतेक ग्वाटेमाला, मेक्सिको, होंडुरासहून आलेल्या घरांतली. आईबाप बांधकामावर, साफसफाईला नाहीतर हॉटेलच्या भटारखान्यात. तिथल्या बाईंनी नाव-गाव विचारायच्या आधीच 'कधीपासून येताय?' म्हणून विचारलं!

घरी मात्र वेगळंच. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "फुकट राबवून घेतील आणि वर हातात बायबल देतील." नवऱ्याला व्हिसाची धास्ती. माझी भीती तिसरीच: मला स्पॅनिशचं अक्षर येत नाही आणि एवढ्या लहान मुलांना कधी शिकवलेलं नाही. कोणी प्रत्यक्ष केलंय का हे काम? तिथे नेमकं करायचं काय असतं?

सरळरेघ:

व्हिसापुरतं सांगतो. धर्मादाय संस्थेत, पगार न घेता आणि पुढे मिळेल अशी आशाही न धरता, जे काम स्वयंसेवकच करतात ते एच-फोरवर करायला हरकत नसते. गडबड होते ती दोन ठिकाणी. एरवी जिथे पगारी माणूस ठेवतात ते काम फुकट करणं म्हणजे स्वयंसेवा नव्हे. आणि 'मानधन', गिफ्ट कार्ड, पेट्रोलचे पैसे असं काही देऊ केलं तर नम्रपणे नको म्हणा. मनात किंतु असेल तर नवऱ्याच्या कंपनीच्या वकिलाला एक मेल टाका.

बाकी, गणिताच्या शिक्षिका आहात तर मंडळाच्या मराठी शाळेत या की. तिथे शिक्षक मिळत नाहीत. आधी आपल्या पोरांचं बघूया, मग जगाचं.

पाटीपेन्सिल:

सरळरेघ, व्हिसाचं चोख सांगितलंत. मराठी शाळेचं मात्र पटलं नाही. आपल्या पोरांना घरी दोन इंजिनिअर आहेत, शिवाय शनिवारी बुद्धिबळ आणि रविवारी रोबोटिक्स. ज्या पोराची आई रात्री ऑफिसं पुसते त्याला गृहपीट विचारायला घरात कोण आहे? मराठी शाळेतही मी जाते, तेव्हा मला तुलना करायचा हक्क आहे.

रिकामटेकडी, तुमचं वय कळत नाही म्हणून 'तुम्ही' म्हणते. मी ओकलंडमध्येच फ्रूटव्हेलच्या बाजूला अशाच एका पॅरिशच्या (म्हणजे त्या भागातल्या चर्चच्या) वर्गावर बरीच वर्षं जाते. ख्रिश्चन नाही, घरी गणपती बसतो, आणि आजवर मला कोणी बायबल दिलेलं नाही. सुरुवातीला एक छोटी प्रार्थना होते, तेव्हा मी हात जोडून उभी राहते. धर्मशिक्षणाचा वर्ग वेगळा असतो, वेगळ्या वेळी. आणखी एक बघून ठेवा: त्या वर्गाला सरकारी पैसा मिळतो का? आमच्याकडे खाऊ सरकारी योजनेतून येतो. जवळच्या शाळेतली निम्मी किंवा जास्त मुलं मोफत-सवलतीच्या जेवणाला पात्र असली की ही योजना लागू होते, आणि मग आलेल्या प्रत्येक मुलाला खाऊ फुकट, कुणाची मिळकत विचारायची नाही. संघराज्याच्या पैशातून धर्मप्रचार चालत नाही, तो वेगळ्या वेळी किंवा वेगळ्या जागी ठेवावा लागतो. सासूबाईंना एवढं सांगा.

आता कामाचं. तुम्हाला वाटेल, गृहपाठ पुरा करून घ्यायचा. (वर 'गृहपीट' लिहिलं गेलंय, पण मुलांकडे बघितलं तर तेही खोटं नाही.) माझं मत उलट आहे, आणि यावरून आमच्या संयोजक बाईंशी माझे खटके उडतात. गृहपाठाला वीस मिनिटं पुरेत. उरलेल्या वेळात मुलाला मोठ्याने वाचायला लावा. ही मुलं मैदानावर फाडफाड इंग्रजी बोलतात, म्हणून शिक्षकांना आणि आपल्यासारख्यांना वाटतं की यांना भाषा आली. मग विज्ञानाचा धडा समोर आला की गाडी अडते, आणि पोरगं आळशी ठरतं. बोलण्यापुरती भाषा एक-दोन वर्षांत येते, पण पुस्तकातल्या भाषेत बरोबरीच्या मुलांना गाठायला पाच ते सात वर्षं लागतात. कॅनडातले जिम कमिन्स १९७९ पासून हा फरक सांगतायत. कॅलिफोर्नियात दर वर्षी या मुलांची 'एलपॅक' नावाची इंग्रजीची परीक्षा होते. सहा वर्षं शाळेत काढून सहावीत किंवा पुढे गेलं तरी 'इंग्लिश लर्नर'चा शिक्का पुसला गेला नाही, अशा मुलांना इथे वेगळं नावच आहे. तो शिक्का असला की भाषेचा जादा तास, आणि त्यापायी चित्रकला किंवा संगीताचा तास जातो. म्हणून दुसरी-तिसरीतच वाचन धरायचं. मुलाला सोपं वाटेल असं पुस्तक घ्या, एकच पान दोनदा वाचून घ्या, चुकलेला प्रत्येक शब्द सुधारू नका. 'आता पुढे काय होईल?' एवढं विचारलं तरी पुष्कळ.

स्पॅनिशची भीती सोडा, कारण कित्येकांना तीही येत नाही! ओकलंडमध्ये ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातून आलेली पुष्कळ कुटुंबं माम बोलतात. ही मायांची भाषा, स्पॅनिशशी तिचं काही नातं नाही. आमच्याकडे तिसरीतला एक मुलगा होता. जो तो त्याच्याशी हौसेने स्पॅनिश बोलायचा आणि तो बुटांकडे बघत बसायचा. सगळ्यांनी त्याला लाजाळू ठरवलं होतं. धाकटी बहीण आली की मात्र दोघांची माममध्ये जी टकळी सुरू व्हायची, की हॉल दणाणायचा.

गणितवाल्या आहात म्हणून एक गंमत सांगते. कोलंबियाहून आलेली चौथीतली मुलगी भागाकार करत होती, ९४५ ला ७ ने. तिने भाज्य डावीकडे लिहिलं, भाजक उजवीकडे चौकटीत, आणि उत्तर भाजकाच्या खाली. वजाबाकी सगळी मनातल्या मनात, कागदावर फक्त बाक्या: २, ३, ०. उत्तर १३५, अगदी बरोबर. शाळेतून वही परत आली तर लाल शेरा, 'पायऱ्या दाखव'. पायऱ्या दाखवायच्या म्हणून तिने वडिलांना विचारलं, तर त्यांनाही हीच रीत येत होती. मी तिच्या वहीच्या कडेला आपली रीत काढून दाखवली, भाजक डावीकडे कंसात आणि उत्तर उजवीकडे कंसात, जी आम्ही पाटीवर शिकलो. मग इथली, उत्तर डोक्यावर आणि खाली वजाबाक्यांची शेपटी. तिन्ही रीती एका पानावर, तिन्हींचं उत्तर १३५. ती बराच वेळ बोट फिरवत होती त्यावर. मग म्हणाली, 'म्हणजे पप्पांचं चूक नाही.' दुसऱ्या दिवशी ते पान फाडून घरी घेऊन गेली. तुमच्याकडून तिथे हेच काम होईल, जे इंग्रजी फाकडू असलेल्या कॉलेजच्या पोरांकडून होत नाही.

निर्मळचा:

मी वसईचा कॅथलिक, आता सॅन होजेत. मिस्साला नियमित, पण अशा वर्गावर कधी गेलो नाही, तेव्हा अनुभव नाही, पार्श्वभूमी सांगतो.

पॅरिशने परदेशातून आलेल्यांच्या पोरांना शिकवायचं हे इथे जुनं आहे. आयरिश, जर्मन, पोलिश, इटालियन लोक आले तेव्हा तेही गरीबच होते आणि त्यांच्याकडेही लोक संशयानेच बघत. १८८४ मध्ये बाल्टिमोरला बिशपांची परिषद झाली, तिने दर चर्चजवळ शाळा काढायचा हुकूम काढला. मदर काब्रिनी चीनला जायला निघाल्या होत्या. पोप तेरावे लिओ म्हणाले, पूर्वेला नको, पश्चिमेला जा. १८८९ मध्ये त्या न्यूयॉर्कला आल्या आणि इटालियन पोरांसाठी शाळा, अनाथाश्रम काढले. त्यांना १९४६ मध्ये संतपद मिळालं, अमेरिकी नागरिकांत पहिलं. तेव्हा 'बाटवायला काढलंय' म्हणाल तर ही बहुतेक पोरं आधीच कॅथलिक आहेत, बाटवणार कुणाला?

खरी काळजी घ्यायची ती दुसऱ्या गोष्टीची, आणि ती मी चर्चचा म्हणूनच सांगतो. धर्मगुरूंनी मुलांवर केलेले अत्याचार बॉस्टनमध्ये उघड झाले, त्यानंतर २००२ मध्ये डॅलसला बिशपांनी बालसंरक्षणाची सनद केली. मुलांमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाची पार्श्वभूमी तपासायची, प्रशिक्षण द्यायचं. ज्या ठिकाणी हे न विचारता लगेच 'उद्या या' म्हणतात तिथे मी तरी जाणार नाही.

रिकामटेकडी:

सगळ्यांचे आभार. पाटीपेन्सिल ताई, भागाकाराचं वाचून नवऱ्याला बोलावून दाखवलं. निर्मळचा, बाईंनी 'बोटांचे ठसे द्यावे लागतील' असं म्हटलं होतं, ते मी लिहायला विसरले. पण माझ्याकडे एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) नाही, मग तपासणी कशी होणार? आणि एक विचारू का? या मुलांच्या घरच्यांकडे कागदपत्रं नसतील तर मी, स्वतः व्हिसावर असलेली, अडचणीत येईन का? कुणी मला शाळेचं पत्र वाचून दाखवायला सांगितलं तर?

पाटीपेन्सिल:

ठशांना इथे 'लाइव्ह स्कॅन' म्हणतात. माझ्या ओळखीच्या एका एच-फोरवालीचं पासपोर्टवर काम झालं, एसएसएनवाचून अडलं नाही. ऑनलाइन फॉर्म अडला तर तिथे झगडत बसू नका, सरळ पॅरिशच्या ऑफिसात सांगा. २०२२ पासून राज्याचा कायदाच आहे: महिन्याला १६ तास किंवा वर्षाला ३२ तास मुलांमध्ये काम करणाऱ्या स्वयंसेवकाची तपासणी आणि प्रशिक्षण व्हायलाच हवं. प्रशिक्षणात सांगतील ते पाळा, कंटाळवाणं वाटलं तरी. मुलाबरोबर एकटं बसायचं नाही. फोन नंबर द्यायचा नाही. धो धो पाऊस आहे आणि आईला उशीर झालाय म्हणून पोराला आपल्या गाडीतून सोडायचं नाही, जीव कितीही कळवळला तरी. आपल्याला हे जड जातं, आपल्याकडे शेजारच्याचं पोर उचलून घरी जेवायला घालतात. पण इथे नाही.

कागदपत्रांचं सोपं आहे, विचारायचंच नाही. कुठे जन्मलास, कसे आलात, कधी आलात, काहीही नाही. आमच्या नोंदवहीत मुलाचं नाव, तातडीचा संपर्क आणि ॲलर्जी, एवढंच असतं. कुणी आपणहून बोललं तर ऐकायचं आणि पुढे न्यायचं नाही. मुलाला शिकवल्याने तुमच्या व्हिसाला काही होत नाही. शाळेत बसायचा या मुलांचा हक्क १९८२ च्या 'प्लायलर विरुद्ध डो' निकालाने सर्वोच्च न्यायालयानेच मान्य केलाय. कायद्याचा सल्ला मात्र कुणालाही देऊ नका, आपण वकील नाही. जानेवारी २०२५ मध्ये शाळा-चर्चजवळ इमिग्रेशनच्या कारवाया टाळायचा जुना नियम सरकारने काढून टाकला, तेव्हापासून आमची हजेरी कमी-जास्त होते. एखादं पोर दोन आठवडे दिसलं नाही तर 'कुठे होतास?' असं विचारू नका. 'बरं झालं आलास, आपलं पुस्तक अर्धं राहिलंय' म्हणा आणि पान उघडा.

पत्रांचं मात्र महत्त्वाचं. शाळेतून मुलाविषयी काही आलं की आई त्याच मुलाला वाचून दाखवायला सांगते. दहा वर्षांच्या पोराने स्वतःच्याच तक्रारीचा अनुवाद आईला करायचा! तुम्हीही मध्ये पडू नका, वाचनातली एखादी चूक महागात पडते. घरच्यांना समजेल अशा भाषेत सांगणं हे सरकारी शाळेवर बंधन आहे, १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापासून. 'आम्हाला दुभाषा द्या' असं आईने ऑफिसात म्हणायचं, आणि भाषा माम असेल तर माम म्हणून सांगायचं, नाहीतर स्पॅनिशवाला आणून उभा करतात. आमच्याकडे ते वाक्य इंग्रजीत चिठ्ठीवर छापून ठेवलंय, आई ती पर्समधून काढते आणि खिडकीवर ठेवते.

आता वार ठरवा. आठवड्यातून एकदाच जमत असेल तर एकदाच, पण वार ठरलेला हवा आणि मुलं तीच मागा. तीन वार कबूल करून दोनदा दांडी मारण्यात अर्थ नाही. ठसे आणि प्रशिक्षणाला थोडे दिवस जातात आणि शाळा ऑगस्टमध्ये सुरू होते, तेव्हा फॉर्म आत्ताच भरून टाका. आणि जाताना खिशात खोडरबर ठेवा, तिथली सगळी कुरतडलेली असतात.