मांजराचं टनेल: तुमच्या घरचे अनुभव लिहा

जुळे_सोलापूरकर

काल लेकानं दिवाणातली जुनी सोलापुरी चादर काढली, सैलसर गुंडाळून भिंतीशी ठेवली, आणि आमची चिंगी एका तोंडातून आत जाऊन दुसऱ्या तोंडातून बाहेर. चहाचा कप हातात तसाच राहिला माझ्या. एकदम बुधवार पेठेतलं घर आठवलं. खाली माग, वर आम्ही. सकाळी अंथरुणं निघाली की आज्जी गाद्यांच्या वळकट्या करून भिंतीला लावायची आणि घरातली पांढरी-तांबडी मांजर वळकटीच्या पोकळीत जाऊन बसायची. खाली मागांचा खडखडाट, वर ती शांत. नुसते डोळे दिसायचे. कोण जवळून गेलं की एक पंजा बाहेर. तिचं नाव काय होतं ते कालपासून आठवायलेय, आठवत नाही.

चिंगी अक्कलकोट रोडला एका गोडाऊनपाशी सापडली, मागचा पाय दुखावलेला. त्यामुळे बाहेर सोडत नाही, तिसरा मजला, गॅलरीला जाळी. दोन वर्षं झाली. दिवसभर झोप आणि संध्याकाळी दिवे लागले की सासूबाईंच्या पायावर झडप. त्यांचं वय ७८, घाबरून पडल्या तर काय, म्हणून टनेल आणलं, मांजरानं आत शिरून खेळायची कापडाची नळी असते ती. पहिलं चुकलं. स्वस्त होतं, तोंड जेमतेम २० सेंमी, आत वळायला जागा नाही, चिंगी डोकं घालून उलट मागं यायची. दुसरं घेताना टेप घेऊन बसले. ३० सेंमी तोंड, सव्वा मीटर लांब, मधे वरच्या बाजूला एक भोक. आता संध्याकाळी सातला दहा-पंधरा मिनिटं त्या भोकातून पिसाची काठी आत-बाहेर करते, शेवटी तिला पीस पकडू देते आणि लगेच जेवण देते. पायावरच्या झडपा जवळजवळ बंद. सासूबाई आता स्वतःच विचारतात, "सात वाजले का गं?"

तुमच्याकडं काय झालं ते लिहा. कुठलं घेतलं, मांजर आत गेलं का, काय बिघडलं.


होटगी_रोड_२

आमचा बोक्या साडेसहा किलो. त्याला मांजराचं टनेल पुरत नाही, लहान मुलांचं रांगायचं असतं ना ते घेतलंय, ४५ सेंमीचं. भाच्याचं होतं. मस्त बसतो.


पद्मा_अशोकचौक

ताई वळकटी वाचून डोळ्यात पाणी आलं. आमच्याकडंपण खाली मागच होते. शेजारच्या अव्वा मांजराला पिल्ली म्हणायच्या, तेलुगूत पिल्ली म्हणजे मांजर. आम्हाला लहानपणी वाटायचं हिला पिल्लं झाली की काय, बघायला पळत जायचो.


शेंगाचटणी

टनेल आणलं. आठवडा झाला. बघतसुद्धा नाही. खोक्यात बसतोय, ज्या खोक्यातून ते आलं त्या. काय करू


जुळे_सोलापूरकर

@शेंगाचटणी पूर्ण उघडून ठेवलंय का? नका ठेवू. दाबून एक हात लांबीचं करा, दोन्ही तोंडं उघडी आणि आरपार उजेड दिसला पाहिजे. एक टोक भिंतीला टेकलेलं असेल तर जाणारच नाही, पलीकडून बाहेर पडायला वाट नाही असं त्याला वाटतं. खाऊ आधी तोंडापाशी, मग रोज थोडा आत. उचलून आत घालू नका. चिंगीला लेकानं एकदा ढकललं होतं, चार दिवस त्या खोलीत आली नाही. आणि त्याचं खोकं टाकू नका, तेच टनेलच्या तोंडाला लावा.


शेंगाचटणी

भिंतीलाच टेकलंय. करते


मोदीतला_मामा

आमच्यात कुत्रं आहे. टनेल नाही. पण वाचायलोय सगळं, छान वाटायलंय.


विडी_घरकुल

आमची आई विड्या वळते. मनी लहान असताना पानाच्या टोपलीत जाऊन बसायची, तंबाखूच्या सुपाजवळ लोळायची. डॉक्टर म्हणाले तंबाखू मांजराला विष आहे, अंगावर पडलेली चाटली तरी पोटात जाते. आईला जागा बदलता येईना, एकच खोली. मग मनीलाच जागा दिली. कपाटावर जाणारी फळी आणि तिथं वर आडवं टनेल, दोन्हीकडून दोरीनं पक्कं बांधलेलं, हलत नाही. आई विड्या करते तोवर मनी वरून बघत पडते. काम संपलं, जागा ओल्या फडक्यानं पुसली, की मगच खाली. एक वर्ष झालं, सुपाजवळ आली नाही.


पद्मा_अशोकचौक

@विडी_घरकुल किती छान केलंत. आईंना नमस्कार सांगा.


टॉवेलवाला

विकतचं कशाला ओ. आमच्या कारखान्यातली टॉवेलची खोकी आणतो, तीन खोकी एकाला एक, ताटली ठेवून गोल आखायचा आणि कापायचं. फक्त दोन गोष्टी बघा. पुठ्ठ्याला पत्र्याच्या पिना असतात त्या पक्कडीनं सगळ्या काढा, एक राहिली तरी पंजात जाते. आणि चिकटपट्टी बाहेरून लावा, आतून लावली की केस चिकटतात आणि मग मांजर आत जात नाही. महिनाभर टिकतं, फाटलं की दुसरं. आमच्या तिन्ही मांजरांना विकतच्यापेक्षा हेच आवडतं, पुठ्ठा ओरबाडायला मिळतो ना.


रेल्वेलाईन्स

दोन मांजरं असतील तर सरळ नळीसारखं घेऊ नका. माझी मोठी काळू तोंडाशी बसून राहायची, धाकटी आत अडकायची. आधी मला वाटलं खेळायल्यात. नंतर लक्षात आलं की धाकटी टनेलकडं गेली की कान मागं पडतात तिचे. आत एकदा मुतलीपण. मग तीन तोंडांचं आणलं. आता काळू एका तोंडाशी बसली तर धाकटीला दोन वाटा राहतात. शिवाय जुनं सरळ टनेल काळूलाच दुसऱ्या खोलीत दिलं. वाईट याचं वाटतं की दोन महिने मी हसत व्हिडिओ काढत होते आणि ती घाबरलेली होती.


जुळे_सोलापूरकर

@रेल्वेलाईन्स अहो तुमच्या लक्षात तरी आलं. आम्हालाही कानाकडं बघायला तुमच्यामुळं कळलं आत्ता.


सातरस्ता_सून

चुरचुर आवाजाचं घेतलं होतं आम्ही. आत कागदासारखं काहीतरी शिवलेलं असतं. आमची भित्री आहे, तिला चालेना. बहिणीच्या बोक्याला दिलं तर तो रात्री तीनला सुरू, चुरचुर चुरचुर. तिचे सासरे उठून बसायचे चोर आला म्हणून. आता झोपताना घडी करून कपाटात. घडी करून दोन्ही पट्ट्या बांधायच्या हां, नाहीतर स्प्रिंग कपाटातून उडी मारते, तिची बरणी फुटली शेंगाचटणीची.


शेंगाचटणी

अरेरे माझं नाव आलं म्हणून बघितलं


सातरस्ता_सून

हाहा तुम्ही नाही ओ, खरी चटणी. घरी कुटलेली, उखळातली. पावकिलो गेली.


होटगी_रोड_२

उखळातली?? कुठं मिळते आता, आमच्याकडं सगळी मिक्सरची. तेल सुटत नाही तिला तसं.


सातरस्ता_सून

सासूबाई घरीच करतात. या एकदा. लसूण जास्त आणि तिखट कमी, कडक भाकरीबरोबर.


गड्ड्याजवळ

विषय बोगद्याचाच आहे म्हणून लिहितो. आमचं घर होम मैदानापासून जवळ. संक्रांतीत सिद्धेश्वरांच्या यात्रेला शोभेचं दारूकाम होतं, आपल्याला आनंद, पण आमच्या सोन्याची दरवर्षी हालत व्हायची. फ्रिजच्या मागं शिरायचा, एका वर्षी मागच्या तारांत पाय अडकला. यंदा आठ दिवस आधीपासून आतल्या खोलीत टनेल लावलं, वर दोन चादरी घातल्या, एका तोंडाशी त्याची झोपायची चिंधी. दारूकामाच्या दिवशी खिडक्या बंद, पंखा फुल, रेडिओ चालू. पहिला बार झाला आणि तो थेट टनेलमध्ये. मी बाजूला जमिनीवर पडून होतो, हात लावला नाही, नुसतं बोलत होतो. तासभर बाहेर आला नाही. पण थरथरत नव्हता. दारूकाम संपल्यावर डोकं बाहेर काढून माझ्या हातावर ठेवलं. मी दारूकामाला गेलो नाही यंदा, यात्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक आदल्या दिवशी बघून आलो होतो. आईपण म्हणाली, राहू दे, मुक्या जीवाजवळ बस.


पद्मा_अशोकचौक

सिद्धरामेश्वर महाराज की जय. छान केलंत.


मोदीतला_मामा

आमचं कुत्रं पलंगाखाली जातं तेव्हा. पुढच्या वर्षी चादर टाकून बघतो.


पर्शियन_माऊ

उन्हाळ्याचं कुणीच लिहिलं नाही. आपल्याकडं मे मध्ये ४२-४३ जातं आणि टनेल सगळी पॉलिस्टरची. आमची पर्शियन, चपट्या नाकाची, तिला आधीच उष्णता सहन होत नाही. दुपारी दोनला टनेलमधून तोंड उघडून धापा टाकत बाहेर आली. मांजर कुत्र्यासारखं धापा टाकत नाही हो सहसा, टाकायला लागलं की समजायचं काहीतरी बिघडलंय. लगेच शहाबादी फरशीवर नेलं, ओला पंचा पोटाला आणि पंजांना, पंखा लावला, डॉक्टरांना फोन केला आणि रिक्षात घालून नेलं. वाचली. आता मार्च ते जून टनेल फक्त पहाटे आणि रात्री. दुपारी घडी. शिंप्याकडून सुती कापडाचं शिवून घेतलंय, तार नाही, खुर्च्यांच्या पायांना बांधायचं.


जुळे_सोलापूरकर

@पर्शियन_माऊ हे फार महत्त्वाचं लिहिलंत. आमचं टनेल खिडकीत ऊन येतं तिथंच असतं, आजच हलवते. तशीही ती पहाटे आणि तिन्हीसांजेलाच खेळते, दुपारी कुठं खेळते.


पर्शियन_माऊ

हो त्यांची शिकारीची वेळच ती


नवीन_आहे

टनेल सोलापुरात दुकानात मिळतं का ऑनलाइनच. आणि फरशीवर घसरतं का


टॉवेलवाला

पेट शॉपात मिळतं, दोन-चार ठिकाणी विचारा. दुकानात हात घालून बघता येतं ते बरं. तारेचं टोक कुठं शिवलंय ते चाचपून बघा.


होटगी_रोड_२

घसरतं. शहाबादीवर तर फारच. मांजर पळत येतं, टनेलसकट सोफ्याखाली. खाली पोतं टाका किंवा जुनी सतरंजी.


दाजीपेठ_काकू

तारेवरून आठवलं. आमच्या टनेलची तार सहा महिन्यांनी शिवणीतून बाहेर आली, बोक्याच्या कानाला लागली. विकणाऱ्याला फोटो पाठवले, उत्तर नाही. आता दर रविवारी आतून हात फिरवते.

पण मला खरं सांगायचंय ते दोऱ्याचं. टनेलच्या तोंडाला चेंडू लोंबतो ना, त्याची दोरी आधी कापून टाका. आमची पहिली मांजर चादरीच्या दशा चघळायची. सोलापुरात चादरीच्या दशा नाहीत असं घर कुठलं. आम्ही हसायचो. एक दिवस उलट्या, खाणं बंद, कोपऱ्यात बसून राहिली. दोरा पोटात गेला होता. एक टोक जिभेखाली अडकलेलं आणि बाकीचा आतड्यात, आतडं सगळं गोळा झालेलं. यांनी टोक दिसलं म्हणून ओढायला हात घातला होता, डॉक्टरांनी नंतर सांगितलं की कधीच ओढायचं नाही, आतडं कापलं जातं. ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी गेली. सात वर्षांची होती. आता घरात दशांची चादर उघड्यावर ठेवत नाही, आणि पिसाची काठी खेळून झाली की कुलपात.


विडी_घरकुल

काकू...


गड्ड्याजवळ

वाईट वाटलं काकू. तुम्ही लिहिलंत म्हणून मी आत्ता उठून चेंडू कापला.


सातरस्ता_सून

मीपण. आमचा आधीच अर्धा कुरतडलेला होता


जुळे_सोलापूरकर

काकू, कालची चादर आम्ही तशीच ठेवली होती तिच्यासाठी. दशा आहेत तिला. आत्ताच काढली. चार बोटांचा पट्टा दुमडून शिवून टाकते आज रात्री. तुमच्या मांजरीचं नाव काय होतं?


दाजीपेठ_काकू

रेशमा.


रेल्वेलाईन्स

माझ्या धाकटीचं ऑपरेशन आहे सोमवारी, पिल्लं होऊ नयेत म्हणून. टनेल चालू ठेवू का नंतर?


पर्शियन_माऊ

नको. दहा ते चौदा दिवस उड्या नाहीत, पळणं नाही, टाके आहेत तोवर ते चाटू नयेत म्हणून गळ्यात कोन (नरसाळ्यासारखा पट्टा) असतो तो टनेलमध्ये अडकतो. काढूनच ठेवा. टाके निघाल्यावर डॉक्टरांना विचारून.

जाताना एक करा. टनेलचं एक तोंड प्रवासाच्या पिंजऱ्याच्या दाराला लावून ठेवा आजपासून, पिंजऱ्यात खाऊ. आमची स्वतःहून जाते आता. आधी दोन माणसं आणि ओरबाडे.


रेल्वेलाईन्स

हे भारी. आजच लावते


नवीन_आहे

धुवायचं कसं? आमच्याकडं पाणी चार दिवसाआड


जुळे_सोलापूरकर

मशीनमध्ये नको, तार वाकते. रबरी हातमोजा ओला करून आतून फिरवा, केस गोळे होऊन येतात. मग पाण्यात पिळलेलं फडकं. फिनेल अजिबात नको, मांजराला ते विषारी. गच्चीत सावलीत वाळवा, अर्धी बादली पुरते. आणि पाणी भरून ठेवता त्या बॅरलला झाकण ठेवा, टनेल समजून उडी मारतात बॅरलवर, हे शेजारच्या घरात झालंय, वेळेवर काढलं म्हणून वाचलं पिल्लू.


शेंगाचटणी

गेला!!! भिंतीपासून ओढलं, छोटं केलं, खोकं लावलं. आता आत आहे, शेपूट बाहेर. हलू देत नाहीये मी कुणाला घरात


पद्मा_अशोकचौक

अभिनंदन! फोटो


होटगी_रोड_२

चटणी पाठवा आता पार्टी म्हणून


जुळे_सोलापूरकर

वा! आज खरंच दिवस चांगला.

मघाशी आईला फोन लावला होता वळकटीतल्या मांजरीचं नाव विचारायला. आई म्हणाली, नाव नव्हतंच तिला. आज्जी फक्त "या बाई" म्हणायची, घरात कुणी पाहुणी आल्यासारखी. वळकटी सोडताना आज्जी आधी हात घालून बघायची, आत असेल तर तिला उठवायची नाही, स्वतः चटईवर आडवी व्हायची. हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं आज्जीला चटईच आवडते.

नळ आला वाटतं, खाली मोटार चालू झालीय. भरून येते.