केसपेपरवरची सही म्हणजे आतून तपासायलापण संमती का? मदत हवी आहे

नमस्कार, विषय नाजूक आहे पण घरात कोणाशी बोलता येईना म्हणून इथे विचारतेय. धाकट्या बहिणीच्या ओटीपोटात दुखत होतं, म्हणून गेल्या आठवड्यात एका मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत नेलं. ती 22 वर्षांची, लग्न झालेलं नाही. मला बाहेर बसवलं. आत पडद्यामागे डॉक्टर, ते पुरुष, आणि चार-पाच स्टुडंट्स, तिला फक्त सलवार काढून झोप म्हणाले आणि ग्लोव्हज घातले तेव्हा तिला कळलं की आतून तपासणार आहेत, मग डॉक्टरांनंतर एका स्टुडंटनेपण तपासलं, नर्स तिथे नव्हतीच. बाहेर आली ती ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरून, रिक्षात बसलो तरी सोडेना. मी विचारायला गेले तर म्हणे केसपेपरवर सही आहे ना.

मेडिकल कौन्सिलचे 2002 चे नियम वाचले, त्यात 7.16 मध्ये ऑपरेशनआधी लेखी संमती घ्या असं आहे, पण तपासणीचं काय? सोमवारी परत बोलावलंय, स्टुडंट्सना नाही म्हणता येतं का?

प्रतिसाद: ताई, त्या सहीवर जाऊ नका. आपण दवाखान्यात गेलो की नाडी, बीपी, पोट दाबून बघणं याला मूक संमती धरतात, पण आतल्या तपासणीला आधी सांगून स्पष्ट विचारावं लागतं, तोंडी चालतं. समीरा कोहली केसमध्ये 2008 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की एका गोष्टीची संमती दुसऱ्या गोष्टीला लागू होत नाही, तिथे तपासणीसाठी बेशुद्ध केलेल्या बाईचं गर्भाशय आईची सही घेऊन काढलं होतं आणि ती सही कोर्टाने मानली नाही. स्टुडंटने शिकायला तपासणं ही वेगळी गोष्ट, ते वेगळं विचारायला हवं आणि नाही म्हटलं म्हणून उपचार अडवता येत नाहीत. पुरुष डॉक्टर बाईला तपासत असेल तर सोबत बाई हवी, हे मानवाधिकार आयोगाच्या 2018 च्या रुग्णहक्क सनदेत आहे. तक्रारीच्या आधी केसपेपरची कॉपी लेखी मागा, 72 तासांत द्यावी लागते. मग बहिणीच्या सहीने तक्रार हॉस्पिटलच्या वैद्यकीय अधीक्षकांना द्या, तिथे दाद नाही मिळाली तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल.

धन्यवाद, खरंच धीर आला. सोमवारी मी आत जाऊ का तिच्यासोबत?

प्रतिसाद: तिला विचारा. हो म्हणाली तर नक्की जा.