घरातला पाम तुम्ही कसा जगवलात? (अनुभव धागा)

नर्सरीतून आणलेला हिरवागार अरेका पाम दोन-तीन महिन्यांत टोकांकडून करपायला लागतो. कुणी म्हणतं पाणी वाढवा, कुणी म्हणतं तोडा. नुसता सल्ला नको, तुमच्या कुंडीत काय घडलं ते लिहा. सुरुवात मी करते.

डोंबिवली, हॉलमधली खिडकी

पहिल्या पामला मी रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायचे. पानं पिवळी पडली तेव्हा वाटलं तहानलाय, म्हणून संध्याकाळीही घालू लागले. शेवटी कुंडी उपडी केली तर तुंबलेल्या मोरीचा वास आला. मुळं तपकिरी, बोटात धरली की साल सुटून यायची. नर्सरीची लाल चिकण माती कुंडीच्या भोकावर लिंपल्यासारखी घट्ट बसली होती. मुळं कुजली की झाडाला पाणी ओढताच येत नाही, म्हणून भिजलेल्या मातीतही ते तहानल्यासारखंच दिसतं. हे कळलं तेव्हा फार वाईट वाटलं.

दुसऱ्याला निम्मी माती आणि बाकी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), जाड वाळू, कुजलेलं शेणखत असं मिश्रण केलं. बोट दोन पेरं आत घालून बघते. कोरडं लागलं तरच पाणी, तेही खालून निथळेपर्यंत, आणि थाळीतलं लगेच ओतून टाकते. पावसाळ्यात आठ-आठ दिवस पाणी लागत नाही. सहा वर्षं झाली, छान आहे.

गुहागर

नावात अरेका, म्हणजे सुपारीचं शास्त्रीय नाव, असलं तरी ही आपली सुपारी नव्हे. हा मूळचा मादागास्करचा. पण स्वभाव माड-पोफळीचाच. आमच्या बाबांनी लहानपणापासून सांगितलंय, शेंडा गेला की माड गेला. पाम छताला टेकला म्हणून माझ्या दादाने तीन खोडं वरून छाटली. जास्वंदीसारखे बाजूने फुटवे येतील असं त्याला वाटलं होतं. ती तिन्ही वाळली. बुंध्यातून नवे कोंब आले म्हणून झाड वाचलं. उंची नको असेल तर ते खोड जमिनीलगत काढा, मधून कापू नका.

नागपूर

उन्हाळ्यात पानं राखाडी, धूळ बसल्यासारखी दिसू लागली. पुसूनही जाईना. पानाखाली पांढरा कागद धरून झटकलं, तर कागदावरचे ठिपके चालायला लागले. लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड! कोरड्या गरम हवेत फार फोफावतो. कुंडी बाथरूममध्ये नेऊन पानांची खालची बाजू जोरदार पाण्याने धुतली. मग लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब घालून, ऊन उतरल्यावर आठवड्यातून एकदा, असं तीनदा फवारलं. गेला.

ठाणे

जुनं पान जरा पिवळं झालं की मी कापायचो. एका माळीकाकांनी थांबवलं. झाडाला पालाश (पोटॅशियम) कमी पडलं की ते जुन्या पानांतून ओढून नव्या पानांना देतं. पान काढलं की तो साठाही जातो. आता पूर्ण वाळलेलंच काढतो.

पुणे, घरात कुत्रा असलेल्यांसाठी

कृपया हे वाचाच. ‘सागो पाम’ नावाने मिळतं ते झाड पाम नाहीच, ते सायकस. आमच्या कुत्रीने त्याचं पान चघळलं, रात्रभर उलट्या. डॉक्टरांनी सांगितलं, याचे सगळेच भाग विषारी असतात, बी तर सर्वांत जास्त, आणि यकृत निकामी होऊ शकतं. आम्ही वेळेत पोचलो म्हणून ती आज आहे. अरेका मात्र कुत्र्या-मांजरांना विषारी नाही. तोच ठेवलाय.

म्युनिक

इथे हिवाळ्यात हीटरमुळे हवा इतकी कोरडी होते की टोकं कागदासारखी कुरकुरीत झाली. हीटरपासून दूर, पण खिडकीच्या उजेडात हलवला. जुनी टोकं हिरवी होत नाहीत, नवी पानं मात्र स्वच्छ आली.

डोंबिवली (मीच पुन्हा)

हवा शुद्ध होते का, असं दोघांनी विचारलंय. तो बोलबाला नासाच्या 1989च्या प्रयोगापासूनचा. तो बंद पेटीत केला होता. आपल्या खेळत्या हवेच्या घरात दोन-चार कुंड्यांनी तसा फरक पडत नाही. मी पाम ठेवते तो त्याच्या हिरवेपणासाठी. आज मधली सुरळी वीतभर वर आली आहे, उलगडली की फोटो टाकते.