वस्तीत म्हाताऱ्या माणसांसाठी दिवसभराचं केंद्र काढायचंय, काय काय लागेल?

मंडळवाला_हडपसर
आमच्या मंडळाची खोली गणपतीचे दिवस सोडले तर बंदच असते. वस्तीतल्या बायका सकाळीच पोळ्या-भांड्याच्या कामाला जातात, बाप्ये बिगारीवर, आणि घरात सासू नाहीतर सासरे एकटे, बाहेरून कडी लावून. हो कडी लावून, कारण एक आजी वाट चुकून पार हायवेपर्यंत गेल्या होत्या. जवळ पालिकेचं विरंगुळा केंद्र आहे, कॅरम, पेपर, टीव्ही सगळं आहे, पण तिथं सगळे पेन्शनवाले काका, आमच्यातलं कोणी पाऊल टाकत नाही. एक आजोबा म्हणाले, "तिथं इस्त्रीचा शर्ट लागतो." तर खोलीत नऊ ते पाच काहीतरी चालू करावं म्हणतोय. दोन पोरी तयार आहेत, थोडी वर्गणी निघेल. सुरुवात कुठून करू?

सिस्टर_रिटायर्ड
संडासापासून. चेष्टा नाही करत. सार्वजनिक संडास लांब, उकिडवं बसायचं, गुडघे वाकत नाहीत, म्हणून बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत, मग लघवीला जळजळ, इन्फेक्शन, चक्कर, पडतात आणि खुबा मोडतो. खोलीत कमोड खुर्ची आणि भिंतीला धरायला दांडा आधी करा, कॅरम नंतर. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ च्या वरच्यांना, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला दोन लाखाच्या आत असेल तर, एकदा ३००० रुपये मिळतात, त्यात कमोड खुर्ची, काठी, चष्मा बसतो.
दुसरं, पहिल्याच दिवशी प्रत्येकाला घरातली गोळ्यांची पिशवी आणायला सांगा. कापलेल्या पट्ट्या, नाव गेलेलं, तारीख गेलेली, बीपीची गोळी डोकं गरगरलं तरच घ्यायची असं चालतं. आशाताईंना बोलवून बीपी-शुगर वहीत लिहा. आणि त्या वाट चुकलेल्या आजींना वय झालं म्हणून सोडू नका, डॉक्टरला दाखवा. आपल्या देशात साठीच्या पुढच्या शंभरात साधारण सात जणांना डिमेन्शिया, म्हणजे विसरभोळेपणाचा आजार असतो.

रोखठोक
एवढा खटाटोप कशाला? २०२४ पासून सत्तरीच्या वरच्या सगळ्यांना पाच लाखाचं आयुष्मान कार्ड आहे, उत्पन्नाची अट पण नाही. कार्डं काढून द्या, झालं.

सिस्टर_रिटायर्ड
@रोखठोक कार्ड ॲडमिट झाल्यावर चालतं हो. रोजच्या बीपीच्या गोळीला, दाताला, कानाला ते काय कामाचं? खुबा मोडल्यावर पाच लाख आहेत, मोडू नये म्हणून दांडा बसवायला कोणी देत नाही. आणि जन्मभर विटा वाहून, भांडी घासून बोटं गुळगुळीत झालीत, मशीनवर अंगठाच उमटत नाही, तिथं बंगल्यातल्या काकांचं कार्ड पाच मिनिटात निघतं आणि ह्यांना उद्या या म्हणतात. श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनचे महिना १५०० सुद्धा कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजाराच्या आत दाखवा तेव्हा मिळतात. २१ हजार! कागद करायला बरोबर जाणारं माणूस पाहिजे, ते तुमच्या केंद्रातून मिळालं तरी पुष्कळ.

कामवाली_सून
मी अशाच वस्तीत राहते, चार घरची कामं करते. नऊ ते पाच आमच्या काही उपयोगाचं नाही दादा, मी साडेसातला घर सोडते, तीनला येते. आणि सासूबाईंना आणणार कोण? आमच्या बोळात रिक्षा शिरत नाही, त्यांना हाताला धरून आणावं लागतं. अजून एक, शेजारणी म्हणतात सासूला टाकून आली, त्यामुळं पाळणाघर वगैरे नाव देऊ नका, भजनाला जातात म्हटलं की कोणी काही बोलत नाही 😄

मंडळवाला_हडपसर
ताई हे बरं सांगितलंत, मग साडेसात ते साडेतीन करतो. बोळातून आणायला मंडळाची पोरं लावतो, एरवी मोबाईलच बघत बसतात. सिस्टर, दांडा उद्याच वेल्डरला सांगतो, जमिनीपासून किती उंचीवर घेऊ?

सिस्टर_रिटायर्ड
खुर्चीवर बसल्यावर कोपर जिथं येतं तिथं एक आडवा, आणि उठताना धरायला एक उभा. आधी एका आजींना बसवून खडूने खूण करा मग वेल्डरला बोलवा.